ड्युटी चार्ट आणि एकटा बाप

सरकारी रुग्णालयातल्या वॉर्डाचा सगळा कारभार बायकांच्या हातात असतो. इनचार्ज सिस्टर, त्यांच्या वर मेट्रन (अधिसेविका), ड्युटीवरच्या बहुतेक सगळ्या सिस्टर, मदतीला मावशी. त्यात एखाद-दुसरा ब्रदर, म्हणजे पुरुष परिचारक. त्या ब्रदरची पत्नी हयात नसेल आणि घरी शाळकरी मूल असेल, तर घर आणि नोकरी दोन्ही एकाच कागदावर येऊन अडतात. तो कागद म्हणजे ड्युटी चार्ट. मी जिल्हा रुग्णालयात ब्रदर आहे आणि मुलं एकट्याने वाढवतो. ज्याच्यावर ही वेळ नव्याने आली आहे त्याला उपयोगी पडेल ते इथे तपशिलाने लिहितो आहे.

पहिला महिना-दोन महिने सगळे विचारपूस करतात. सिस्टर डबा आणतात, मेट्रन मॅडम म्हणतात, "ब्रदर, काळजी करू नका, आम्ही आहोत." ते मनापासून असतं. पण त्यावर वर्षानुवर्षांचा चार्ट निघत नाही. स्टाफ कायम कमी असतो आणि प्रत्येक सिस्टरच्या घरी परीक्षा, आजारपण, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी असं काही ना काही चालूच असतं. म्हणून लोक आपणहून विचारताहेत त्याच काळात कागदपत्रं आणि ड्युटीची रीत, दोन्ही लावून घ्यावीत.

कागदांची सुरुवात आस्थापना शाखेतून होते. मृत्यू दाखल्याची साक्षांकित प्रत जोडून अर्ज द्यायचा आणि सेवापुस्तकात नोंद झाली का ते स्वतः डोळ्यांनी पाहायचं. त्याच फेरीत भविष्य निर्वाह निधी किंवा एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना), गटविमा आणि उपदान (ग्रॅच्युइटी) यांची नामनिर्देशनं बदलायची. मूल अज्ञान (१८ वर्षांखालचं) असलं की त्याच्या वतीने रक्कम कोण स्वीकारणार याचा एक रकाना असतो. घाईत तोच कोरा राहतो. तिथे ज्याच्यावर पूर्ण भरवसा आहे अशा माणसाचं नाव, त्याला आधी विचारून, लिहावं. पालकत्वासाठी कोर्टात जावं लागेल का, हा प्रश्न बऱ्याच जणांना पडतो. हिंदू कुटुंबात १९५६ च्या अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने वडील नैसर्गिक पालक असतातच, वेगळा आदेश लागत नाही. मात्र आईच्या नावावरच्या घराचा किंवा जमिनीचा हिस्सा मुलाकडे आला असेल, तर तो विकायला न्यायालयाची परवानगी लागते.

आता रजा. राज्य शासनाने जुलै २०१८ मध्ये बालसंगोपन रजा लागू केली. पूर्ण सेवेत १८० दिवस, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, टप्प्याटप्प्याने घेता येते. ती महिला कर्मचाऱ्यांसाठी आहे, तशीच पत्नी हयात नसलेल्या किंवा पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असलेल्या पुरुष कर्मचाऱ्यांसाठीही आहे. हे शेवटचं वाक्य कार्यालयात सगळ्यांना ठाऊक असतंच असं नाही. "ही रजा लेडीज स्टाफला आहे" असं म्हणून अर्ज टेबलावरूनच परत येतो. म्हणून शासन निर्णयाची प्रत काढावी, त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि अर्जाला जोडावी. सोबत मृत्यू दाखला, मुलाचा जन्म दाखला आणि सेवापुस्तकातल्या नोंदीची प्रत. यातलं एखादं नसलं की शेरा पडतो आणि फाइल पंधरा-पंधरा दिवस पडून राहते. कोणतीही रजा हक्क म्हणून मागता येत नाही, वॉर्डात माणसं कमी असली तर पुढे ढकलली जाते. त्यामुळे ही रजा परीक्षा, मुलाचं ठरलेलं ऑपरेशन, शाळा बदलण्याचे दिवस अशा आधी कळणाऱ्या कामांसाठी धरावी आणि महिनाभर आधी अर्ज द्यावा.

अचानक आलेल्या तापाला उरते नैमित्तिक रजा (सीएल), आणि ती वर्षाला आठच दिवस. मंत्रालयाला आणि इतर कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आला, रुग्णालयांना तो नाही, त्यामुळे शनिवारही हाताशी नसतो. आठातले निदान पाच दिवस मुलांच्या आजारपणासाठी राखून ठेवावेत. बँकेचं काम, गावची जत्रा, लग्नकार्य यांना सीएल जाळू नये. त्यासाठी अर्जित रजा वापरावी, ती जानेवारीत १५ आणि जुलैत १५ अशी जमा होते.

केंद्र सरकारच्या रुग्णालयांतल्या ब्रदरांचे नियम वेगळे आहेत. तिथे बालसंगोपन रजा पूर्ण सेवेत ७३० दिवस मिळते. पहिले ३६५ दिवस पूर्ण पगारी, पुढचे ३६५ दिवस ८० टक्के पगारावर. विधुराबरोबर घटस्फोटित आणि अविवाहित एकल पुरुषही त्यात येतात. एका वेळी किमान पाच दिवस घ्यावी लागते आणि वर्षातून तीन वेळा घेता येते. एकल महिलेला मात्र वर्षातून सहा वेळा मुभा आहे, एकल पुरुषाला नाही. हे मला पटत नाही. मूल एकट्याने सांभाळणाऱ्या बाईच्या अडचणी आणि बाप्याच्या अडचणी या बाबतीत सारख्याच आहेत, आणि संघटनांनी हा मुद्दा लावून धरायला हवा.

चार्टकडे येतो, कारण खरं जगणं तिथेच ठरतं. आमच्याकडे मॉर्निंग ८ ते २, इव्हिनिंग २ ते ८, नाइट ८ ते ८. ठिकाणानुसार अर्धा तास पुढे-मागे. अर्ज करण्याआधी वहीत प्रत्येक पाळीपुढे मूल कोणत्या वेळेला कोणाकडे असेल ते लिहून काढावं. हे लिहिताना भलतीच पोकळी सापडते. फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायचे ठरले. मुलांच्या झोपेसाठी निर्णय चांगला आहे, पण मॉर्निंगला आपण सव्वासातला घर सोडतो आणि मूल पावणेनऊला शाळेत निघतं. हा दीड तास बहुतेकांनी धरलेलाच नसतो. दुपारच्या पाळणाघराचे पैसे भरलेले असतात आणि सकाळी मुलाला शेजारी सोडून पळावं लागतं. पाळणाघर ठरवताना "सकाळी सातला उघडता का?" हे पहिलं विचारावं, फी नंतर.

एकट्या बापाला सगळ्यात कठीण पाळी इव्हिनिंग. बाहेरून बघणाऱ्याला नाइट अवघड वाटते, पण नाइटला मूल झोपलेलं असतं आणि घरात एक मोठं माणूस झोपायला असलं की निभावतं. इव्हिनिंगला मात्र मूल शाळेतून येतं तेव्हा आपण निघून गेलेले असतो. अभ्यास, खेळताना झालेली भांडणं, जेवण, सगळं आपल्यामागे होतं, आणि आपण पावणेनऊला पोचतो तेव्हा ते पेंगुळलेलं असतं. सलग सहा इव्हिनिंग लागल्या तर आठवडाभर मुलाशी धड बोलणं होत नाही.

तरीही "मला कायम मॉर्निंग द्या" असं मागू नये. मॉर्निंग सगळ्यांनाच हवी असते, कारण सिस्टरांनाही घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो. एकाला कायम मॉर्निंग म्हणजे बाकीच्यांच्या वाट्याला जास्त नाइट, आणि तीन महिन्यांत कुरबूर सुरू होते. मागणी नेमकी असावी आणि तिच्यासोबत आपण काय देणार तेही असावं. अर्ज साधारण असा:

"मा. अधिसेविका यांस, विषय: ड्युटी चार्टबाबत विनंती. माझी पत्नी हयात नसून इयत्ता दुसरी व पाचवीतील दोन मुलांची जबाबदारी माझ्यावर आहे. सोमवार ते शुक्रवार दुपारी मुलांजवळ घरी कोणी नसते. शनिवार-रविवारी मुलांची आत्या येते. तरी माझ्या इव्हिनिंग ड्युटी शक्यतो शनिवार-रविवारी लावाव्यात. त्या बदल्यात सणांच्या दिवशीच्या ड्युटी माझ्या वाट्यापेक्षा जास्त घेण्यास मी तयार आहे. ही विनंती सहा महिन्यांसाठी आहे. त्यानंतर फेरविचार व्हावा. इनचार्ज सिस्टरांशी चर्चा केली आहे."

शेवटचं वाक्य खरं असलं पाहिजे. इनचार्जना न सांगता थेट मेट्रन ऑफिसला गेलेला अर्ज मंजूर झाला तरी वॉर्डात महाग पडतो. सहा महिन्यांची मुदत घातली की मंजूर करणाऱ्यालाही हायसं वाटतं, कारण कायमची सवलत दिल्याचा बोल त्यांच्यावर येत नाही.

ड्युटी दोनला संपते हे चार्टवर. पुढच्या पाळीला ओव्हर, म्हणजे वॉर्डाचा ताबा आणि माहिती, दिल्याशिवाय वॉर्ड सोडता येत नाही, आणि रिलीव्हर (पुढच्या पाळीची सिस्टर) उशिरा आली तर तेवढं थांबावं लागतं. शाळा सुटण्याची वेळ आणि ओव्हरची वेळ एक झाली की रोज धावपळ. म्हणून मुलाला घेण्याची वेळ ड्युटी सुटल्यावर किमान पाऊण तासाने धरावी. आपल्या हातात आहे ते एवढंच की ओव्हर लांबू द्यायची नाही. सव्वा वाजता इनटेक-आउटपुटची (रुग्णाच्या शरीरात गेलेलं आणि बाहेर पडलेलं पाणी) बेरीज करून ठेवायची, सलाइन किती वाजता संपणार ते रुग्णाच्या चार्टवर लिहायचं, इमर्जन्सी ट्रॉलीतली औषधं मोजायची, कुलपातल्या औषधांचं रजिस्टर आणि साठा जुळवायचा, किल्ल्या एकत्र करायच्या, रिपोर्ट बुक लिहून ठेवायचं. साठा जुळत नाही हे दोनला कळलं तर अडीच तिथेच वाजतात. सव्वा वाजता कळलं तर शोधायला वेळ असतो. ज्या सिस्टर वर्षानुवर्षं वेळेवर घरी जातात त्यांच्याकडे बघितलं की हे लक्षात येतं. दुपारी एक वाजल्यापासून त्यांचे हात ओव्हरच्याच तयारीला लागलेले असतात.

शाळेला फक्त आपला मोबाइल देऊन भागत नाही. आयसीयू आणि ऑपरेशन थिएटरात मोबाइल लॉकरमध्ये असतो. वॉर्डाचा लँडलाइन किंवा रुग्णालयाच्या एक्सचेंजचा नंबर, वॉर्डाचं नाव आणि "ब्रदरना निरोप द्या" एवढं शाळेच्या कार्डावर लिहून द्यावं. शाळेच्या फॉर्मवर पहिला संपर्क आईचा असतो, आणि जुना नंबर तसाच राहिला तर निरोप कुठेच पोचत नाही. तो लेखी अर्ज देऊन बदलून घ्यावा. आईचं नाव मात्र कागदपत्रांवर राहतंच, ते काढायचं नसतं. वर्गातल्या आयांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असतो. वही कोणती, उद्या पांढरे कपडे की रंगीत, सहलीचे पैसे कधी, हे सगळं तिथे कळतं. वर्गशिक्षिकांना सांगून त्यात नाव घालून घ्यावं. संकोच करणाऱ्या बापाचं मूल चित्रकलेच्या तासाला रंगांशिवाय बसतं.

वॉर्डातल्या कामाची वाटणी हा नाजूक भाग. स्त्री रुग्णाला कॅथेटर (लघवीची नळी), अंगाची स्वच्छता, ईसीजीची लीड लावणं, अशा कामांना सिस्टरला बोलवायचं. कोणीच मोकळं नसेल आणि थांबता येत नसेल तर पडदा ओढायचा, रुग्णाला आपलं नाव आणि काय करणार ते सांगून होकार घ्यायचा, मावशी किंवा नातेवाईक बाईला जवळ उभं करायचं आणि कोण हजर होतं ते नोट्समध्ये लिहायचं. आपण सिस्टरांचा एवढा वेळ घेतो, तेव्हा तो फेडावाही लागतो. पुरुष रुग्णांचे कॅथेटर, ऑपरेशनपूर्वीची शेव्हिंग, हायड्रोसीलची ड्रेसिंग, कॅज्युअल्टीत दारू पिऊन आलेला माणूस, ही कामं कोणी सांगायची वाट न बघता उचलावीत.

एका ठिकाणी मात्र सीमा घालावी. रुग्ण उचलणं, बेडवरून ट्रॉलीवर घेणं हे हळूहळू "ब्रदरचं काम" होऊन बसतं आणि शेजारच्या वॉर्डातूनही हाक येऊ लागते. वाकून एकट्याने वजन ओढलं की कंबर जाते, आणि घरी मुलाला बाथरूमपर्यंत नेणारं दुसरं कोणी नसतं. रुग्णाखाली आडवी दुमडलेली चादर घालायची, दोन्ही बाजूंनी दोघा-दोघांनी तिच्या कडा अंगाजवळ गुंडाळून धरायच्या, बेड आणि ट्रॉलीची उंची सारखी करायची, चाकांना ब्रेक लावायचे आणि एका आवाजावर सरकवायचं. उचलायचं नाही, सरकवायचं. मावशींना आणि नव्या सिस्टरांना हे शिकवलं की निम्म्या हाका कमी होतात.

ड्युटीची अदलाबदल ही उसनवारी आहे आणि उसनवारीचा हिशेब चोख लागतो. तोंडी बदल कधीही करू नये. अदलाबदलीच्या वहीत तारीख, पाळी, दोघांच्या सह्या, इनचार्जची सही. ती नसेल आणि समोरची सिस्टर आजारी पडून आली नाही, तर गैरहजेरी कोणाच्या नावावर लागायची यावरून वाद होतो. घेतलेली ड्युटी त्याच महिन्यात परत करावी. पुढच्या महिन्यात चार्ट बदलतो आणि देणं विसरलं जातं, आपल्याकडून नाही तरी समोरचीला तसं वाटतं.

परतफेडीला योग्य दिवस निवडले तर एका दिवसाची किंमत दोन दिवसांइतकी होते. वटपौर्णिमेची सकाळ, गौरीपूजन, संक्रांतीनंतर हळदीकुंकवाच्या दिवसांतली इव्हिनिंग, हे दिवस सिस्टरांना हवे असतात आणि आपल्याला त्यांची तितकी गरज नसते. ईदला आणि नाताळलाही आधी जाऊन विचारावं. भाऊबीज मात्र मुलगा-मुलगी दोन्ही असतील तर आपल्याकडे ठेवावी. त्या बदल्यात लक्ष्मीपूजनाची नाइट घ्यावी, अर्थात तेव्हा घरी कोणी असेल तर. आपल्याला लागतात ते पालकसभेचे, स्नेहसंमेलनाचे आणि लसीकरणाचे दिवस, ज्यांच्यासाठी बाकी कोणाची ओढाताण नसते. वर्षाच्या सुरुवातीला शाळेचं कॅलेंडर इनचार्जच्या टेबलावर ठेवलं तर हे जमून जातं.

मदत घेताना नेहमी एकाच सिस्टरकडून घेऊ नये. दोघांचाही हेतू निर्मळ असला तरी बोलणारे बोलतात, आणि त्रास तिला जास्त होतो. अदलाबदल वहीत, डबा सगळ्यांसोबत टेबलावर, एवढी मोकळीक पुरेशी असते. चेंजिंग रूम सिस्टरांची असते. ब्रदरना कपडे बदलायला आणि लॉकरला वेगळी जागा मेट्रन ऑफिसकडून लेखी मागून घ्यावी, भांडारात उभं राहून दिवस काढू नयेत. दुसऱ्या लग्नाचा विषय कोणीतरी काढणारच. "ताई, सध्या मुलांचं बघतोय" एवढं शांतपणे म्हटलं की पुरतं.

मुलाला वॉर्डात आणू नये. संसर्गाचा धोका खरा आहे, आणि एकदा आणलं की सवय होते. २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणा कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक केली, पण दिवसातून चार वेळा तिथे जाण्याची मुभा त्यात आईला दिलेली आहे. सोय असेल तिथे मुलाची नोंदणी आणि भेटीची परवानगी, दोन्हींसाठी बापाने वेगळा अर्ज द्यावा आणि लेखी उत्तर मागावं.

आपण घरी नसताना मुलाला ताप आला तर औषध आजी किंवा शेजारच्या काकू देणार. इथे चूक सहज होते. पॅरासिटामॉल एका वेळी वजनाच्या किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. बाजारात सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचं मिळतं आणि २५० चंही. १६ किलोच्या मुलाला पहिल्यातलं ८ मिली आणि दुसऱ्यातलं ४ मिली साधारण सारखंच. जुनी सवय म्हणून दुसऱ्यातलंही ८ मिली दिलं तर डोस दुप्पट होतो. म्हणून घरात एकाच ताकदीची बाटली ठेवावी, तिच्यावर चिकटपट्टी लावून मुलाचं नाव, वजन आणि मिली मोठ्या अक्षरात लिहावं, चमच्याऐवजी सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज रबरबँडने बाटलीला बांधावी. वजन वाढलं की पट्टी बदलावी. दिलेल्या वेळा कॅलेंडरवर लिहायला सांगाव्यात.

नाइट करून आल्यावर मुलाला दुचाकीवर शाळेत सोडू नये. बारा तास जागलेल्या माणसाला सिग्नलवरही डुलकी लागते. नाइटच्या सकाळी रिक्षा किंवा शाळेची व्हॅन ठरवून ठेवावी, तो खर्च वायफळ नाही. आल्यावर युनिफॉर्म वेगळ्या पिशवीत, आंघोळ, मग मुलाला जवळ घेणं, आणि ते शाळेत गेल्यावर फोन सायलेंटवर टाकून झोप. शाळेचा नंबर तेवढा वाजेल असा ठेवावा.

मुलगी नऊ-दहा वर्षांची झाली की मासिक पाळीबद्दल आपणच बोलायला सुरुवात करावी. पॅड कसं लावायचं ते हातात घेऊन दाखवावं, दप्तरात एक सुटं पॅड आणि जादा चड्डी असू द्यावी. आत्या, मावशी किंवा एखाद्या जवळच्या सिस्टरशी तिचं स्वतंत्र बोलणं व्हावं, पण "बाबांना सांगू नको" असं तिला कोणी शिकवू नये हे त्यांना आधीच सांगावं.

बदलीचं शेवटी, कारण तिची आठवण नेहमी उशिरा होते. राज्यात बदल्यांचा कायदा २००५ चा आहे आणि सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे मध्ये होतात. आजी-आजोबा किंवा आत्या ज्या गावात आहेत तिकडे जायचं असेल, तर फेब्रुवारीतच अर्ज द्यावा. सोबत मृत्यू दाखला, मुलांचे शाळेचे दाखले, तिथे सांभाळणारं माणूस कोण आहे त्याचं संमतिपत्र. तोंडी शब्द मिळाला म्हणून इथल्या शाळेतून दाखला काढून ठेवू नये. आदेश हातात पडला, कार्यमुक्त होण्याची तारीख कळली, की मगच काढावा. नव्या ठिकाणी रुजू होताना पहिल्याच दिवशी इनचार्ज सिस्टरना जुन्या चार्टच्या अर्जाची प्रत दाखवावी आणि तिथलं पाळणाघर सकाळी किती वाजता उघडतं ते त्यांनाच विचारावं. तिथल्या सिस्टरांची मुलंही त्याच पाळणाघरात असतात.